दाटीचा हिशेब

पिंपरी-चिंचवडच्या पुनावळ्यातल्या कुठल्याही नव्या गृहप्रकल्पाच्या फलकावर मजले, क्लबहाउस, पोहण्याचा तलाव असे सगळे लिहिलेले असते. ज्या आकड्याच्या जोरावर ते मजले चढतात, तो आकडा मात्र फलकावर नसतो. तो असतो मंजूर नकाशाच्या कडेला, क्षेत्रफळाच्या तक्त्यात. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला एफएसआय. एक हजार चौरस मीटरच्या जागेवर सगळे मजले मिळून एक हजार चौरस मीटर बांधकाम केले तर एफएसआय 1, अडीच हजार केले तर 2.5. गणित चौथीच्या मुलालाही कळेल असे आहे. पण कुठे बंगला राहणार, कुठे बावीस मजली इमारत येणार, कोणाच्या शेताला सोन्याचा भाव येणार आणि कोणाच्या नळाला दिवसाआड पाणी येणार, हे सगळे या एका आकड्याला बांधलेले आहे. म्हणून तो आला कुठून, ते पाहायला हवे.

माग काढत गेले की वाट प्लेगपर्यंत जाते. 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला आणि लवकरच पुण्यात पोचला. पेठांमधले वाडे ओस पडले, लोक गावाबाहेर झोपड्या घालून राहिले. रोग दाटीत राहतो, ही समजूत तेव्हा सरकारच्या आणि सुशिक्षितांच्या मनात घट्ट बसली. 1898 मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे या ट्रस्टचे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनी चाळींमधल्या अंधाऱ्या खोल्यांचा ध्यास घेतला. साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम त्यांच्या काळातला. सोप्या भाषेत सांगायचे तर इमारतीची उंची तिच्यासमोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतही आकाशाचा उजेड पोचेल.

या नियमात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. तो मोजला जायचा सगळ्यात खालच्या खोलीपासून. मालकाला किती बांधता येईल हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न होता, तळाच्या खोलीतल्या बिऱ्हाडाला उजेड आणि हवा मिळते का. बांधकामावर मर्यादा घालण्याचे मूळ कारण हे होते.

प्लेगचा दुसरा परिणाम मात्र वेगळा झाला. ज्यांना परवडत होते ते दाटीतून बाहेर पडले. मुंबईत ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, तिथे इमारतींना तीन मजल्यांची मर्यादा ठेवली. 1915 मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या बाजूला मोकळ्या प्लॉटवर बंगले उठले, मागेपुढे बाग, विहीर, आंब्याचे झाड. शहरातले चांगले जगणे म्हणजे विरळ जगणे, हे चित्र तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाच्या मनात आहे. दाट म्हणजे गरीब, दाट म्हणजे रोगट. यात एक मोठी गल्लत होती. एका एकरात किती घरे आहेत ही एक गोष्ट, आणि एका खोलीत किती माणसे आहेत ही वेगळी गोष्ट. चाळीतला माणूस मरत होता तो एका खोलीत दहा जण, मोरीचा निचरा नाही, उंदरांचा सुळसुळाट, या कारणांनी. शेजारी दुसरी चाळ होती म्हणून नव्हे. पण धोरण आखताना ही दोन्ही मापे एकच धरली गेली, आणि आजही प्रत्येक हरकतीत ती एकमेकांत मिसळलेली दिसतात.

कोनाच्या जागी आकडा आला तो 1964 च्या मुंबईच्या विकास आराखड्याबरोबर. न्यूयॉर्कने 1961 मध्ये अशाच गुणोत्तरावर आपले नियम बेतले होते, ती कल्पना इथे आली. बॅकबे रेक्लमेशनच्या भागात 4.5, तर उपनगरांत पुढे 1 आणि मूळ शहरात 1.33 हे आकडे रूढ झाले. कमी आकडा ठेवला की लोक मुंबईत येणार नाहीत, अशी आशा त्यामागे होती. लोक आलेच. घरे वाढली नाहीत तेव्हा त्यांनी झोपड्या बांधल्या. त्याच धोरणाचा दुसरा भाग म्हणजे कारखाने मुंबईबाहेर नेणे. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवडचे माळ कारखान्यांनी भरू लागले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 पासूनच होती. मग टेल्को आली, बजाज आली. मुंबईची गर्दी टाळण्यासाठी जे ठरले, त्यातून इथली गर्दी जन्माला आली.

1970 मध्ये आकुर्डी, भोसरी, चिंचवड, पिंपरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, 1982 मध्ये महापालिका. त्यादरम्यान, 1972 मध्ये, पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. उद्देश स्पष्ट होता: शेतकऱ्यांची जमीन घ्यायची, आखीव पेठा पाडायच्या, आणि कामगाराला परवडेल असे घर द्यायचे. पेठा आखल्या गेल्या, आणि उत्तम आखल्या गेल्या. निगडी प्राधिकरणात 25, 26, 27, 28 क्रमांकांच्या पेठांमधून आजही चालत जावे. रुंद सरळ रस्ते, दोन्ही कडांना मोठी झालेली झाडे, वळणावर बाग, शाळेला मैदान, रस्त्याखाली सांडपाण्याच्या आणि पावसाळी पाण्याच्या वाहिन्या. प्लॉट 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले आणि त्यांवर बंगले, जोडबंगले, लहान इमारती उभ्या राहिल्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी पिढ्यानपिढ्या खेटे घालावे लागले. आणि ज्या कामगारासाठी हे सगळे योजले होते, त्यातल्या मोठ्या हिश्शाला प्राधिकरणात जागा मिळालीच नाही.

तो गेला गुंठ्यावर. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने पुणे परिसरात हजार चौरस मीटरपलीकडची मोकळी जमीन अडकली, प्राधिकरणाच्या आरक्षणाने आणखी अडकली. शेतकऱ्याला पैसा हवा होता, कामगाराला घर. मग काळेवाडी, थेरगाव, रहाटणी, सांगवी, पिंपळे गुरव या भागांत नोटरीच्या कागदावर गुंठा-गुंठा विकला गेला. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, 1089 चौरस फूट. त्यातही अर्धा गुंठा घेणारे पुष्कळ. घर बांधायचे ते भिंतीला भिंत लावून. खाली दोन खोल्या, एक स्वतःला, एक भाड्याला. पाच वर्षांनी बोनसमधून वरचा मजला, मुलाच्या लग्नाच्या आधी तिसरा. गॅलरी रस्त्यावर दोन-तीन फूट पुढे काढलेली, समोरच्याचीही तशीच, म्हणजे दहा फुटी बोळात वर आकाशाची एक पट्टी उरते. अशा घराचा एफएसआय मोजला तर सहज अडीच-तीन भरेल. विकास आराखड्याच्या नकाशावर तिथे 1 लिहिले होते.

या वसाहतींना शहराने आधी गुन्हेगार ठरवले. अवैध बांधकामाला 2008 पासून शास्तीकर लागला, तो 2023 मध्ये माफ झाला. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 चा, 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. म्हणजे दाट घरांची गरज शहराला आरंभापासून होती. ती पुरी करायला कायद्याने जागा दिली नाही, म्हणून लोकांनी ती स्वतः करून घेतली. पाणी, गटार, रस्ता मागाहून, जमेल तसे आले. दाटी आधी आणि सोयी नंतर, हा या शहराचा शिरस्ता तिथे पडला.

पुनावळे महापालिकेत आले 1997 मध्ये, आसपासच्या इतर गावांबरोबर. तोवर हे पवनेच्या काठचे शेतीचे गाव होते. पलीकडच्या तीरावर रावेत, तिथल्या बंधाऱ्यातून शहरासाठी पाणी उचलले जाते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीला आयटी पार्क उभे राहू लागले, कात्रज-देहूरोड बाह्यवळणाचा महामार्ग गावाच्या कडेने गेला, 2002 मध्ये मुंबईचा द्रुतगती मार्ग पुरा झाला. हिंजवडीत संगणकावर काम करणाऱ्याला आणि तळवडे-चाकणच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याला, दोघांनाही जवळ पडणारी जागा. तिथे घरे येणारच होती, आणि यायलाच हवी होती. नोकरीपासून वीस किलोमीटरवर माणसांना राहायला लावणारे शहर रोज दोन तास त्यांच्या आयुष्यातून काढून घेते.

चूक घरे आली यात नाही. चूक क्रमात आहे. गावठाणाच्या आणि कोयते वस्ती, काटे वस्तीच्या रस्त्यांवर आधी इमारती उठल्या. विकास आराखड्यातले रुंद रस्ते कागदावर पुरे आणि जमिनीवर तुकड्यातुकड्यांनी, कारण मधला एक सातबारा ताब्यात आला नाही की रस्ता तिथेच थांबतो. महामार्गाखालचा भुयारी मार्ग गावाच्या वहिवाटीच्या हिशेबाने बांधलेला, त्यातून आता हजारो मोटारी सकाळी हिंजवडीकडे वळतात. नव्या गावांसाठीच्या आराखड्यात कचरा डेपोचे आरक्षण याच पुनावळ्यात टाकले होते. आजूबाजूला निवासी बांधकामाला परवानग्याही मिळत राहिल्या. रहिवासी आणि ग्रामस्थ वर्षानुवर्षे त्याविरुद्ध उभे राहिले, तेव्हा डिसेंबर 2023 मध्ये नागपूर अधिवेशनात मंत्री उदय सामंत यांनी तो रद्द करत असल्याचे जाहीर केले. डेपो टळला हे बरे झाले. पण ज्या शहराने आराखड्यात आधी कचऱ्याची जागा ठरवली, त्याच शहराने तिच्या भोवती घरांना सह्या कशा दिल्या, याचा जाब कोणी दिला नाही.

मग 2020 चा डिसेंबर आला. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळून सगळ्या राज्याला एकच नियमावली लागू झाली, एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. वास्तुविशारद आणि बिल्डर तिला इंग्रजी आद्याक्षरांनी यूडीसीपीआर म्हणतात. पिंपरी-चिंचवडच्या दाटीबाहेरच्या भागात मूळ एफएसआय 1.1. त्यावर प्रीमियम भरून 0.5. त्यावर टीडीआर, म्हणजे आरक्षणात जागा दिल्याच्या बदल्यात मिळालेला हस्तांतरणीय हक्क. तो रस्त्याच्या रुंदीप्रमाणे: 9 मीटरच्या रस्त्यावर एकूण 2 पर्यंत, 15 मीटरपासून 2.5, 30 मीटर आणि वर 3. शिवाय जिने, लिफ्ट, बाल्कनी अशा पूरक क्षेत्रासाठी निवासी बांधकामात आणखी 60 टक्क्यांपर्यंत, तेही प्रीमियम भरून. प्रीमियम एफएसआयचा दर जमिनीच्या रेडीरेकनर किमतीच्या 35 टक्के. जानेवारी 2021 मध्ये सरकारने वर्षअखेरपर्यंत प्रीमियममध्ये निम्मी सवलत दिली, तेव्हा परवानग्यांसाठी रांग लागली.

आता एका एकराचा हिशेब मांडून पाहू. पुनावळ्यात 18 मीटर रस्त्यावर एक एकर, म्हणजे 4047 चौरस मीटर. 2.5 ने गुणले, वर 60 टक्के पूरक धरले, तर सुमारे 16 हजार चौरस मीटर, 1 लाख 74 हजार चौरस फूट. घरामागे हजार चौरस फूट धरले तर 170 हून अधिक घरे. पूर्वीच्या 1 च्या हिशेबाने त्याच एकरात चाळीस-पंचेचाळीस भरली असती. तेव्हा बाल्कन्या आणि जिने मोजणीबाहेर राहत, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, तरी फरक कित्येक पटींचा आहे. घरटी चार माणसे, माणशी दिवसाला 135 लिटर हे सरकारी प्रमाण. म्हणजे या एका एकराला रोज सुमारे 94 हजार लिटर पाणी हवे. दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचे तर रोज नऊ-दहा टँकर. नियमावलीच्या त्या तक्त्यात रस्त्याच्या रुंदीचा रकाना आहे. पाण्याचा रकाना नाही.

रस्त्याची रुंदी पाहून आकडा ठरवणे चूक नाही, पण रुंदी पाहिली जाते ती आराखड्यातली. आणि पाणी? पिंपरी-चिंचवडमध्ये 25 नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणीपुरवठा आहे. पवना धरणातून बंद वाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर इथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले. शहराची तहान भागवायची म्हणजे कोणाच्या तरी शेताचे पाणी हलवायचे, हे त्या दिवसानंतर कोणीही विसरता कामा नये. दरम्यान, पुनावळ्याच्या पट्ट्यात बांधकाम परवानगीबरोबर बिल्डरकडून हमीपत्र घेण्याची वाट निघाली: महापालिकेचे पुरेसे पाणी येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू. सोसायटी हस्तांतरित झाली की ते हमीपत्र फायलीत राहते आणि टँकरचे बिल रहिवाशांच्या मेंटेनन्समध्ये येते.

प्लेगच्या काळातला नियम आणि आजचा तक्ता शेजारी ठेवले की काय बदलले ते दिसते. तेव्हा मर्यादा होती तळमजल्याच्या उजेडाची. आज मर्यादा विकत घेता येते, आणि विकणारे सरकार व महापालिका आहेत. बांधकाम परवानगीतून महापालिकेच्या तिजोरीत दरवर्षी शेकडो कोटी रुपये येतात. त्या पैशातूनच रस्ते आणि जलवाहिन्या व्हायच्या आहेत हे खरे. पण पैसा आज एका गावातून गोळा होतो आणि कुठे, कधी खर्च होईल याला बंधन नाही. पुनावळ्याच्या प्रीमियमचा पैसा पुनावळ्याच्या पाण्यावर खर्च करायला नियमावली सांगत नाही.

उंच इमारतीच नकोत, असे मी म्हणत नाही. उलट मला खटकते ते हे, की या शहराने दाटी जिथे सोयी नव्हत्या तिथे नेली आणि जिथे सोयी तयार होत्या तिथे ती येऊ दिली नाही. निगडी प्राधिकरणात रस्ता आहे, वाहिनी आहे, शाळा, दवाखाना, बाग आहे. लोकलची स्थानके आकुर्डी आणि चिंचवडला आहेत. पिंपरीपर्यंतची मेट्रो 2022 पासून धावते, निगडीपर्यंतचा तिचा विस्तार बांधला जात आहे. मेट्रो स्थानकांच्या आसपास 4 पर्यंत एफएसआयची तरतूदही नियमांत आहे. तरी त्या पेठांमधल्या कित्येक बंगल्यांत आज दोनच वृद्ध माणसे राहतात, मुले परदेशी किंवा हिंजवडीजवळ फ्लॅटमध्ये. बंगला पाडून चार मजली इमारत करायची म्हटली की शेजारी अस्वस्थ होतात.

त्यांची भीती खोटी नाही. पार्किंग रस्त्यावर येईल, खिडकीत ऊन येणार नाही, झाडे तुटतील, ड्रेनेज तुंबेल. बाजूच्या गल्लीत हे घडलेले त्यांनी पाहिले आहे. पण या प्रत्येक भीतीला नियमाने उत्तर देता येते: उंचीची कमाल, बाजूच्या मोकळ्या अंतराची सक्ती, झाड जागेवर राखण्याची अट, आणि जुनी वाहिनी बदलल्याशिवाय वाढीव एफएसआय नाही. चार मजले म्हणजे मनोरा नव्हे. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये एक-दोन मजली, अंगण असलेल्या घरांत हेक्टरी सुमारे 500 माणसे राहू शकतात हे दाखवले होते. न्यूझीलंडच्या ऑकलंडने 2016 मध्ये आपल्या निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागात जादा घरांना एकदम मुभा दिली. सगळ्या शहराने थोडी-थोडी दाटी वाटून घेतली, म्हणून ती कोणा एका गावावर कोसळली नाही. आपल्याकडे उलट झाले. वाटून घेण्याऐवजी ती पुनावळे, ताथवडे, रावेत, मोशी, चऱ्होली यांच्या माथी मारली.

पुनावळ्यातही आता दोन तट पडलेले दिसतात. पाच-सात वर्षांपूर्वी फ्लॅट घेतलेला रहिवासी समोरच्या नव्या इमारतीला विरोध करतो, तर जुना शेतकरी विचारतो, माझ्या जमिनीची वेळ आली तेव्हाच नियम का आठवले? दोघांचेही म्हणणे समजून घ्यायला हवे. फ्लॅटवाल्याचा राग नव्या शेजाऱ्यावर नाही, टँकरवर आहे. शेतकऱ्याने वर्षानुवर्षे आरक्षणांची टांगती तलवार सोसली आहे. त्यांना एकमेकांसमोर उभे करणारी गोष्ट एकच: परवानगी देताना पाण्याचा हिशेब न होणे. आणि हिशेब चुकतो तो फक्त मनोऱ्यांचाच नाही. 17 मे 2025 रोजी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले महापालिकेने न्यायालयीन आदेशानुसार पाडले. ते मनोरे नव्हते, बंगलेच होते. विरळ वस्तीही चुकीच्या जागी उभी राहिली की माणसांची आयुष्यभराची कमाई बुडते. मजल्यांची संख्या पाहून बरे-वाईट ठरवण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

शहराची लोकसंख्या 1991 मध्ये पाच लाख होती, 2001 मध्ये दहा, 2011 मध्ये सतरा लाखांवर. पुढच्या पिढीचा नवा विकास आराखडा मे 2025 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर हजारोंनी हरकती आल्या. त्यातल्या बहुतेक आपापल्या जमिनीवरच्या आरक्षणाविरुद्ध. ते स्वाभाविक आहे. पण आराखड्यावर पुढे जिथे जिथे बोलायची संधी मिळेल तिथे प्राधिकरणातल्या बंगलेवाल्याने, थेरगावच्या गुंठेवाल्याने, पुनावळ्याच्या फ्लॅटवाल्याने आणि शेतकऱ्याने मिळून एकच मागणी लावून धरावी. प्रत्येक विभागाच्या एफएसआयच्या तक्त्यात रस्त्याच्या रुंदीशेजारी आणखी दोन रकाने छापा: आज प्रत्यक्ष मिळणारे पाणी आणि प्रत्यक्ष ताब्यात आलेला रस्ता. हे रकाने भरल्याशिवाय जादा आकडा विकू नका, आणि विकलात तर त्याचा पैसा त्याच विभागात खर्च करा. पुनावळ्यात घर घ्यायला निघालेल्यांनीही नमुना फ्लॅट पाहण्याआधी विक्री कार्यालयात पाण्याचे हमीपत्र मागावे, त्याची प्रत घ्यावी आणि ती सोसायटीच्या दप्तरात जपून ठेवावी.